एर्न्स्ट वेर्टहाइम

एर्न्स्ट वेर्टहाइम (२१ फेब्रुवारी १८६४, ग्रात्स – १५ फेब्रुवारी १९२०, व्हिएन्ना) हे ऑस्ट्रियन स्त्रीरोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर पोटाच्या वाटेने करावयाची विस्तृत शस्त्रक्रिया त्यांनी पद्धतशीरपणे उभी केली. ती आजही वेर्टहाइम शस्त्रक्रिया या नावाने ओळखली जाते. असाध्य मानल्या गेलेल्या या रोगातून तिने असंख्य स्त्रियांना वाचविले. मात्र वाचलेल्यांपैकी पुष्कळ जणींच्या मूत्राशयाचे कार्य तिने बिघडविले, कारण कर्करोगाच्या भोवतालची जी ऊती काढावी लागे तिच्यातूनच मूत्राशयाकडे जाणाऱ्या चेता जातात. या चेता वाचवून कर्करोग कसा काढावा, हा प्रश्न वेर्टहाइम यांच्या शस्त्रक्रियेतून जन्मास आला आणि त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशके शल्यचिकित्सकांना पुरला.

== जन्म, शिक्षण व प्रारंभीचे कार्य ==

वेर्टहाइम यांचे वडील टेओडोर वेर्टहाइम हे ग्रात्स विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. लसणाच्या तेलाचा अभ्यास करून १८४४ मध्ये त्यातील मूलकास ॲलिल हे नाव देणारे ते हेच. एर्न्स्ट काही महिन्यांचे असतानाच, जुलै १८६४ मध्ये, त्यांचे निधन झाले. एर्न्स्ट यांचे वैद्यकीय शिक्षण ग्रात्स येथेच झाले व १८८८ मध्ये त्यांना पदवी मिळाली. शस्त्र हाती घेण्यापूर्वी त्यांनी विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम केले. सूक्ष्मदर्शकाची ही सवय त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडली. १८८९ मध्ये ते व्हिएन्नास गेले. १८९० मध्ये प्राग येथे फ्रीडरिश शाउटा यांचे साहाय्यक झाले आणि पुढच्याच वर्षी शाउटा व्हिएन्नास आले तेव्हा त्यांच्याबरोबर परतले.

त्यांचे पहिले महत्त्वाचे संशोधन कर्करोगावर नसून परम्यावर आहे. परम्याचा जंतू नाइसर यांनी १८७९ मध्ये दाखवून दिला होता. तथापि तो केवळ विशिष्ट प्रकारच्या नाजूक अस्तरावरच वाढतो, पोटाच्या आतील आवरणास त्याचा उपद्रव होत नाही, असे त्या काळचे अधिकारी लोक मानीत. वेर्टहाइम यांनी मानवी रक्तद्रव मिसळलेल्या माध्यमावर हा जंतू वाढविला आणि तो गर्भनलिकांतून वर चढून उदरावरणापर्यंत पोहोचतो हे सिद्ध केले. मूत्राशयाच्या भिंतीतही त्यांनी तो शोधून दाखविला. स्त्रियांच्या ओटीपोटातील जुनाट दाहाचे एक मोठे कारण त्यामुळे उलगडले. केवळ एवढ्या कामावरही त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले असते. शस्त्रक्रियेच्या कीर्तीने ते झाकले गेले इतकेच.

१८९७ मध्ये व्हिएन्नातील एलिझाबेथ रुग्णालयाच्या बेटिना विभागाचे प्रमुख शल्यचिकित्सक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. स्वतःच्या अधिकाराखालील खाटा प्रथमच त्यांच्या हाती आल्या आणि वर्षभरातच त्यांनी आपल्या जीवितकार्यास हात घातला.

== विस्तृत उदरीय शस्त्रक्रिया ==

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रीसाठी वैद्यकाजवळ फारसे काही नव्हते. १८७८ मध्ये ब्रेस्लाउ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे व्ही. ए. फ्रॉइंट यांनी पोट उघडून कर्करोगग्रस्त गर्भाशय काढले होते. परंतु या मार्गाने शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक स्त्रिया दगावत. म्हणून अनेकांनी योनिमार्गाने गर्भाशय काढण्याचा तुलनेने सुरक्षित मार्ग धरला. त्यात रुग्ण टेबलावर दगावत नसे, पण रोग काही महिन्यांतच उलटे. कारण सरळ होते. कर्करोग गर्भाशयमुखापुरता राहत नाही. तो दोन्ही बाजूंच्या संयोजी ऊतीत व लसीकाग्रंथींत शिरतो, आणि केवळ गर्भाशय काढल्याने तो भाग मागे राहतो.

गर्भाशयाबरोबर ही भोवतालची ऊती व लसीकाग्रंथीही काढाव्यात हा विचार एकट्या वेर्टहाइम यांचा नव्हे. अमेरिकेत जॉन क्लार्क व एमिल रीस यांनी १८९५ च्या सुमारास तो मांडला होता. वेर्टहाइम यांचे वेगळेपण चिकाटीत आहे. १६ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांनी या प्रकारची पहिली शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर एकामागून एक रुग्ण, प्रत्येकीची नोंद ठेवून, प्रत्येक काढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, ते ही पद्धत घडवीत गेले. पहिल्या तीसेक रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया शस्त्रक्रियेनेच मरण पावल्या. हा आकडा त्यांनी लपविला नाही. दुसरा कोणी असता तर कदाचित येथेच थांबला असता, आणि त्याला कोणी दोष दिला नसता.

मृत्यूचे मुख्य कारण जंतुसंसर्ग हे होते. कर्करोगाची गाठ सडलेली असे आणि योनी कापताना तिच्यातील घाण ओटीपोटाच्या पोकळीत सांडे. वेर्टहाइम यांनी काटकोनात वाकविलेले चिमटे तयार करून घेतले. गाठीच्या खाली योनी या चिमट्यांनी आवळून बंद करावयाची व चिमट्यांच्या खालून कापावयाची, म्हणजे गाठ जणू बंद पिशवीत राहून बाहेर येते. ही साधी युक्ती फार परिणामकारक ठरली. मूत्रवाहिन्या गर्भाशयमुखाला अगदी लागून जातात. त्या डोळ्यांसमोर मोकळ्या करून बाजूला घेण्याचा दंडकही त्यांनीच घातला. हळूहळू शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांपर्यंत खाली आले. १९११ मध्ये पाचशे शस्त्रक्रियांचा वृत्तान्त असलेला त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्या स्त्रियाच बऱ्या झाल्या असे मानण्याचा त्यांचा कटाक्ष होता.

== शाउटा यांच्याशी मतभेद ==

ज्या शाउटांच्या हाताखाली वेर्टहाइम घडले, तेच त्यांचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी ठरले. शाउटांनी १९०१ मध्ये योनिमार्गानेच, पण भोवतालच्या ऊतीसह, गर्भाशय काढण्याची आपली विस्तृत पद्धत सुरू केली. तीत मृत्यू कमी होत. मात्र त्या वाटेने लसीकाग्रंथी हाती लागत नसत. दोन्ही पक्षांना आपापले आकडे अनुकूल होते आणि व्हिएन्नातील वैद्यकवर्तुळात हा वाद वर्षानुवर्षे चालला. १९१० मध्ये वेर्टहाइम व्हिएन्ना विद्यापीठाच्या दुसऱ्या स्त्रीरोग चिकित्सालयाचे प्रमुख झाले. पहिले चिकित्सालय शाउटांकडे होते, त्यामुळे गुरू व शिष्य एकाच संस्थेत शेजारीशेजारी विरुद्ध पद्धती शिकवीत राहिले. जानेवारी १९१९ मध्ये शाउटा वारले. वेर्टहाइम त्यानंतर जेमतेम तेरा महिने जगले व वयाची छप्पन्न वर्षे पूर्ण होण्यास सहा दिवस असताना निधन पावले.

गर्भाशय खाली उतरण्याच्या विकारावरील एक शस्त्रक्रियाही या दोघांच्या जोडनावाने ओळखली जाते. तीत गर्भाशय मूत्राशय व योनी यांच्यामध्ये बसवून मूत्राशयास आधार दिला जाई. वादी-प्रतिवादींची नावे अशी एकत्र नांदावीत, हा वैद्यकातील नामकरणाचा एक गमतीदार योग म्हणावा लागेल.

== मूत्राशयाच्या चेतांचा प्रश्न ==

वेर्टहाइम शस्त्रक्रियेतून वाचलेल्या अनेक स्त्रियांना लघवीची भावना होईनाशी झाली. मूत्राशय भरल्याचे कळत नसे. कळले तरी लघवी सुटत नसे. पोटावर दाब देऊन थोडीशी बाहेर पडे व बरीच आत राही. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढत आणि मूत्राशयाचा दाह जडे. दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोचला तर तीही निकामी होण्याची भीती असे. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात ही किरकोळ तक्रार नव्हती. मूत्रवाहिनीस भोक पडून लघवी सतत झिरपत राहणे हा दुसरा उपद्रव अधिक ठळक असल्याने त्याची चर्चा पुष्कळ झाली. मुक्या मूत्राशयाकडे मात्र बराच काळ कर्करोगातून सुटण्याची अटळ किंमत म्हणूनच पाहिले गेले.

हे का घडते ते समजण्यासाठी ओटीपोटातील चेतांची रचना पाहावी लागते. मूत्राशयाचे काम दोन प्रकारचे आहे, साठविणे व रिकामे करणे, आणि दोन्हींसाठी वेगवेगळ्या चेता आहेत. पाठीच्या कण्याच्या खालच्या वक्षीय व वरच्या कटिभागातून निघणारे अनुकंपी तंतू मूत्राशयाचा स्नायू सैल ठेवतात व त्याचे तोंड आवळून धरतात. हे तंतू अधोजठर चेता या नावाच्या दोन दोऱ्यांवाटे ओटीपोटात उतरतात. प्रत्येक दोरी आपल्या बाजूच्या मूत्रवाहिनीच्या थोडी खाली, तिला समांतर, गर्भाशय व त्रिकास्थी यांना जोडणाऱ्या अस्थिबंधाच्या बाहेरच्या अंगाने जाते. उलट, त्रिकभागातील दुसऱ्या ते चौथ्या खंडांतून निघणारे परानुकंपी तंतू मूत्राशयाचा स्नायू आकुंचित करून लघवी बाहेर काढतात. मूत्राशय भरल्याची जाणीवही मुख्यतः याच वाटेने वर जाते. दोन्ही प्रकारचे तंतू गुदाशय व योनीच्या वरच्या भागाच्या बाजूला एका जाळ्यात एकत्र येतात. या श्रोणी चेताजालातून निघणाऱ्या शाखा पुढे मूत्राशयाकडे जातात. गर्भाशयमुखालगतच्या या जाळ्याचे वर्णन फ्रांकेनहॉयझर यांनी १८६७ मध्येच केले होते.

आता शस्त्रक्रियेकडे पाहावे. गर्भाशयामागील अस्थिबंध खोलवर कापला तर अधोजठर चेता तुटते. गर्भाशयाच्या बाजूची ऊती श्रोणीच्या भिंतीलगत तळापर्यंत छाटली तर परानुकंपी तंतू तुटतात. मूत्राशय व गर्भाशय यांच्यामधील अस्थिबंधाचा मागचा पदर कापला, किंवा योनीचा लांब तुकडा काढला, तर मूत्राशयाकडे जाणाऱ्या शेवटच्या शाखा तुटतात. म्हणजे कर्करोगासाठी जेवढे रुंद कापावे, तेवढ्या चेता अधिक जातात. हे तंतू बारीक असतात, रक्तवाहिन्या व चरबीत गुरफटलेले असतात, आणि रक्ताने भरलेल्या खोल जागेत ते ओळखू येत नाहीत.

वेर्टहाइम यांना यासाठी दोषी धरणे अन्यायाचे होईल. इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक लँग्ली यांनी स्वायत्त चेतासंस्था ही संज्ञा रूढ केली ती १८९८ मध्ये, म्हणजे वेर्टहाइम यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्याच वर्षी. परानुकंपी हा शब्दही त्यांनी १९०५ मध्ये योजला. रुग्ण टेबलावरून जिवंत उठावी यासाठी जेव्हा झगडा चालू होता, तेव्हा चेतांच्या धाग्यांचा विचार मागे पडणे स्वाभाविक होते. शिवाय वेर्टहाइम यांची मूळ पद्धत पुढे आलेल्या काही पद्धतींइतकी रुंद नव्हती. बाजूच्या ऊतीचा आतील भाग ते काढीत, व लसीकाग्रंथी मुख्यतः वाढलेल्या आढळल्या तरच काढीत.

== जपानमधील पुढील वाटचाल ==

हा प्रश्न सोडविण्याचे श्रेय प्रामुख्याने जपानी शल्यचिकित्सकांकडे जाते. गंमत अशी की, तो अधिक तीव्रही प्रथम तेथेच झाला. क्योतो येथील हिदेकाझू ओकाबायाशी यांनी १९२१ मध्ये वेर्टहाइम यांच्याहून अधिक मूलगामी पद्धत प्रसिद्ध केली. मूत्राशय व गर्भाशय यांच्यामधील अस्थिबंधाचा मागचा पदर स्वतंत्रपणे सोडवून कापणे हे तिचे वैशिष्ट्य होते. रोग अधिक पूर्णपणे निघू लागला, परंतु मूत्राशयाचा पक्षाघातही वाढला.

तोक्यो विद्यापीठातील ताकाशी कोबायाशी यांनी या पद्धतीत बदल केला व १९६१ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. गर्भाशयाच्या बाजूची ऊती एकसंध नाही, ही त्यांची मूलभूत जाणीव होती. तिच्या वरच्या भागात रक्तवाहिन्या आहेत व तळच्या भागात चेता. मग सगळी जुडी एकाच चिमट्यात धरून कापण्याऐवजी वरचा भाग वेगळा करून कापावा आणि तळचा दोरखंड जागेवर ठेवावा. गर्भाशयाची खोलवरची शीर ही या दोन भागांमधील खूण मानली जाते. ती बांधून उचलली की तिच्या खाली परानुकंपी तंतू दिसतात. ही रीत पुढे शोइची साकामोतो यांनी चालविली व तोक्यो पद्धत म्हणून ती प्रसिद्ध झाली. बरीच वर्षे तिचे वर्णन मुख्यत्वे जपानी भाषेतच राहिल्याने युरोप-अमेरिकेत ती उशिरा पोहोचली. १९९० नंतर जर्मनीत मिखाएल ह्योकेल यांनी व हॉलंडमधील लायडन येथे बाप्टिस्ट ट्रिम्बोस यांनी चेतारक्षणाच्या पद्धती मांडल्या. २००७ मध्ये शिंगो फुजी यांनी चेताजालाची मूत्राशयाकडे जाणारी शाखा वेगळी काढून दाखविण्याचे टप्पे तपशीलवार वर्णिले. या चेताजालातून गुदाशयाच्या व पुरुषांत पुरस्थ ग्रंथीच्या शस्त्रक्रियांतही अशीच इजा होत असे. तेथेही १९८० च्या दशकात योग्य थरातून कापून चेता वाचविण्याचे तंत्र पुढे आले.

२००८ मध्ये डेनिस केर्ले व पॉल मॉरो यांनी विस्तृत गर्भाशयोच्छेदनाचे नवे वर्गीकरण केले. त्यात रुंद शस्त्रक्रियेच्या एका प्रकाराचे दोन उपप्रकार पाडले आहेत. एकात स्वायत्त चेता राखावयाच्या असतात, दुसऱ्यात नाही. चेतांचे रक्षण हे शल्यचिकित्सकाच्या वैयक्तिक कौशल्यावर न सोडता शस्त्रक्रियेच्या व्याख्येतच आले.

== शस्त्रक्रियेनंतरची काळजी ==

चेता वाचविल्या तरी त्या ताणल्या वा शेकल्या गेल्याने मूत्राशय काही दिवस सुस्त राहू शकतो. म्हणून लघवीची नळी काही काळ ठेवतात. ती काढल्यावर रुग्णाने लघवी केली की मूत्राशयात किती उरली हे मोजतात. उरलेले प्रमाण सातत्याने कमी येईपर्यंत मूत्राशय भरभरून ताणला जाऊ नये, हे येथील मुख्य पथ्य आहे. एकदा फाजील ताणला गेलेला स्नायू चेता शाबूत असूनही लवकर सावरत नाही. लघवीची भावना नसेल तर घड्याळ लावून ठरावीक वेळी लघवीस जाण्याची सवय लावतात. ज्यांचे मूत्राशय मुळीच रिकामे होत नाही अशा रुग्णांना स्वच्छ हातांनी स्वतःच नळी घालून दिवसातून काही वेळा ते रिकामे करण्यास शिकविले जाते. ही सोपी पद्धत अमेरिकेतील जॅक लापिडेस यांनी १९७२ मध्ये रूढ केली. वेर्टहाइम यांच्या रुग्णांना ती लाभली असती तर त्यांच्यातील अनेकींचा पुढील काळ सुसह्य झाला असता.

== प्रभाव ==

वेर्टहाइम यांच्या निधनानंतर रेडियम व क्ष-किरणोपचारांमुळे त्यांची शस्त्रक्रिया काही काळ मागे पडली. इंग्लंडमध्ये व्हिक्टर बॉनी यांनी ती नेटाने चालू ठेवली. बॉस्टन येथील जो मीग्ज यांनी तिला लसीकाग्रंथी पद्धतशीरपणे काढण्याची जोड देऊन १९४० च्या दशकात पुनरुज्जीवित केले. तेव्हापासून ती वेर्टहाइम–मीग्ज शस्त्रक्रिया म्हणूनही ओळखली जाते. कलकत्त्याच्या सुबोध मित्र यांनी शाउटांची योनिमार्गी पद्धत घेतली व उदरावरण न उघडता लसीकाग्रंथी वेगळ्या काढण्याची सोय केली. व्हिएन्नातील जुन्या वादाच्या दोन्ही बाजू अशा रीतीने भारतात एकत्र आल्या.

भारतात पुष्कळ स्त्रिया रोग पसरल्यानंतरच रुग्णालयात पोहोचतात. अशा वेळी शस्त्रक्रियेचा आग्रह धरावा का, हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तपासला गेला. गर्भाशयमुखापलीकडे काहीशी पसरलेली वा मोठी गाठ असलेल्या ६३३ स्त्रियांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी औषधोपचार देऊन मग विस्तृत शस्त्रक्रिया केलेल्या गटात पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ६९.३ टक्के होते. औषधांसह किरणोपचार घेतलेल्या गटात ते ७६.७ टक्के आढळले.

लहान गाठीच्या बाबतीत प्रश्न उलट बाजूने विचारला गेला : एवढे रुंद कापणे मुळात आवश्यक आहे काय? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन सेंटिमीटरपर्यंतची, कमी धोक्याची गाठ असलेल्या ७०० स्त्रियांचा समावेश होता. निम्म्यांची विस्तृत व निम्म्यांची साधी गर्भाशयोच्छेदन शस्त्रक्रिया करावयाची होती आणि लसीकाग्रंथींची तपासणी दोन्ही गटांत होती. तीन वर्षांत ओटीपोटात रोग उलटण्याचे प्रमाण विस्तृत शस्त्रक्रियेनंतर २.१७ टक्के व साध्या शस्त्रक्रियेनंतर २.५२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. शस्त्रक्रियेस चार आठवडे उलटून गेल्यावरही लघवी तुंबण्याची तक्रार मात्र विस्तृत गटात ९.९ टक्के व साध्या गटात ०.६ टक्के होती. दोन सेंटिमीटरहून मोठ्या गाठींना हा निष्कर्ष लागू होत नाही. ज्या मोठ्या गाठींवर शस्त्रक्रियाच करावयाची ठरते, तेथे रुंदच, पण खोलवरच्या शिरेखालील चेता राखून, कापण्याची पद्धत आहे.